आईचा पेला आणि कृष्णाबाईंचा ग्लास

पनवेल, रविवार सकाळ

ती. तोवाताईस,

नाथनचा शालोम. तुझे गुडघे, भाऊजींची शुगर आणि अश्दोदचा उकाडा, तिघांचीही खबर कळव. इकडे अबीगेलचं लग्न महिन्यावर आलंय, त्यामुळे मी सोडून घरातले सगळे मजेत आहेत.

शुक्रवारी जेरुसलेमच्या एक प्राध्यापक बाई आपल्याकडे शब्बाथच्या जेवणाला होत्या. मी नेहमीप्रमाणे काळ्या मनुकांचं सरबत किद्दुशच्या पेल्यात ओतून शब्बाथची प्रार्थना म्हटली. (पेला स्टीलचा. चांदीचा कुठे आहे, ते तुला माहीतच आहे.) बाईंनी पेल्यावर कोरलेली अक्षरं पाहिली आणि हे कुठलं प्राचीन वचन, म्हणून भरल्या डोळ्यांनी विचारलं. खोटं बोलू नये असं जन्मभर शाळेच्या फळ्यावर लिहिलेला माणूस मी, पण ते डोळे बघून ठोकून दिलं, पूर्वजांचा आशीर्वाद आहे. बाई म्हणाल्या, सर्वांना ऐकवा. तर अबीगेलने (मुलगी माझीच, पण सत्याची फार हौस) पेला उचलून मोठ्याने वाचलं, "सौ. कृष्णाबाई दिनानाथ यांच्या सोळा सोमवारच्या उद्यापनानिमित्त सप्रेम भेट," आणि वर इंग्रजीत समजावलं. शेजारच्या कृष्णाबाई (मूळच्या नेऱ्याच्या) जेवायलाच होत्या. "अगो बाय, माजा ग्लास! अजून हाय तुमच्याकडं?"

मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. पण बाई म्हणाल्या, किद्दुश म्हणजे पेला नव्हेच. हिब्रूत कादोश म्हणजे पवित्र. त्याच मुळातून किद्दुश, म्हणजे पवित्र करणं. पेल्यावर जे म्हणायचं ते किद्दुश. आपण मात्र आईपासून पेल्यालाच किद्दुश म्हणत आलो! लग्नविधीचं किद्दुशीन हे नावही त्याच मुळाचं. तेव्हा भांडं चांदीचं असो की उद्यापनाचं, महत्त्व बोलांना. ताई, डोक्यावरचं ओझं उतरलं बघ. आईचा चांदीचा पेला तू इस्रायलला जाताना बॅगेत घालून नेलास हे मी सव्वीस वर्षं सगळ्यांना (रिक्षावाल्यांनासुद्धा) सांगत आलो. आता बंद. पेल्यात काही नाही.

तुझा,
नाथन

ता.क. : पेल्यात काही नाही हे ठरलंच, तर तो तिकडे अडवून तरी कशाला ठेवायचा? तुझा एरियल लग्नाला येतोय, त्याच्याजवळ दे. टॉवेलात नीट गुंडाळ. पॉलिशचं मी बघतो.

ता.क. २ : एरियल आत्ताच फोनवर म्हणाला, तू गुडघ्यांमुळे येणार नाहीस. मग राहू दे तो पेला. कृष्णाबाईंनी तसले आणखी पाच ग्लास आणून दिलेत. पण आईच्या मागे अबीगेलच्या डोक्यावर हात ठेवायला तूच एक उरली आहेस, आणि तुझ्याशिवाय मला ते लग्न लग्न वाटणार नाही. तू ये. (येताना पेला आणलास, तर नको म्हणणार नाही.)