एकुलती एक प्रत

६ जानेवारी, सकाळी ९
यंदा संकल्प एकच. अभ्यासक्रमाची पुस्तकं पहिल्या तासाआधी ग्रंथालयात राखीव ठेवायची. राखीव म्हणजे घरी नेता येत नाहीत. काउंटरवर मागायची आणि तिथेच बसून दोन तास वाचायची. गेल्या वर्षी राहून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी पाठदुखी होती. फॉर्म आलाय. एक पान, बारा ओळी, दहा मिनिटांचं काम. नाव आणि विभाग लिहून ठेवला. सुरुवात तर झाली.

१५ जानेवारी
फॉर्म द्यायची शेवटची तारीख. दिला नाही. कारण यादी. हवामानशास्त्रात एक पुस्तक घेतलं की दुसऱ्यावर अन्याय होतो. यादी एक्केचाळीसवर गेलीय. बायकोने विचारलं, मुलं यातली किती वाचणार? म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, मग फॉर्मवर तत्त्व लिहून द्या, पण द्या. तिला शैक्षणिक कामाची कल्पना नाही.

तसं बघितलं तर मुलांना एकच पुस्तक लागतं. ते नकाशांचं जाडजूड. छपाई कधीच बंद झाली. परीक्षेतले निम्मे प्रश्न त्यातल्या नकाशांवर असतात. म्हणजे मीच काढतो.

२० जानेवारी
पहिला तास. झकास झाला. माझी प्रत वर धरून दाखवली. खाकी कव्हर घातलेली, जीव लावलेली. म्हटलं, बाजारात मिळणार नाही, पण काळजी नको, ग्रंथालयात राखीव ठेवलंय. मनाने कधीच ठेवलंय. फक्त फॉर्म बाकी.

पहिल्या बाकावर एक बाई बसते. तिशी ओलांडलेली, शहर बसची ड्रायव्हर. नऊ वर्षं बस चालवून कंबर कामातून गेली, म्हणाली. वेधशाळेत निरीक्षकाची जागा निघणार आहे. त्यासाठी हा पेपर पास हवा, आणि वयाची अट यंदा संपते. दर गुरुवारी अकरा ते एक, दोन शिफ्टच्या मध्ये तिला मोकळा वेळ असतो. राखीव पुस्तकाचे दोन तास आणि तिचे दोन तास. मला फार समाधान वाटलं, जणू मीच हे जुळवून आणलं होतं.

२७ जानेवारी
तास संपल्यावर ड्रायव्हरबाई थांबली. गुरुवारी गणवेशातच काउंटरवर गेली होती. पुस्तक यादीतच नाही म्हणाले. मी म्हटलं, ग्रंथालयवाल्यांचा घोळ असणार, बघतो. "बरं सर" म्हणाली आणि बस गाठायला पळाली. चालवायची होती.

लाज वाटली. काउंटरच्या बाईंनी माझं काय वाकडं केलंय? उद्या उठल्याबरोबर पहिलं काम फॉर्म.

१२ फेब्रुवारी
फॉर्म दिला! चाळीस पुस्तकांवर पाणी सोडलं, एकच नाव लिहिलं. सात मिनिटं लागली. दहा म्हणालो होतो. म्हणजे अंदाजापेक्षा लवकर.

१४ फेब्रुवारी
ग्रंथालयाचं उत्तर. एकच प्रत आहे आणि ती एका प्राध्यापकाने नेलीय. अकरा वर्षांपूर्वी! दरवर्षी मुदत आपोआप वाढत गेली. नाव सांगता येत नाही, नियम आहे. परत करण्याची सूचना कॉम्प्युटर पाठवेल.

अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं! दोन पानी पत्र लिहिलं. विद्यार्थी गुरुवारी दोन तासांसाठी धडपडत येतात आणि हे महाशय पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. अशा माणसाचं कार्ड ताबडतोब बंद करा. पत्र पाठवलं आणि तीन आठवडे मनाला टोचत होतं ते थांबलं. चूक माझी नव्हतीच.

३ मार्च
ग्रंथालयातून चार मेल आलेत. 'सावकाश वाचू' या फोल्डरमध्ये टाकलेत. तिथे सध्या दोन हजार तीनशे आहेत.

ड्रायव्हरबाईला आपणहून सांगितलं, माझ्याच एका सहकाऱ्याने पुस्तक दडपून ठेवलंय, पण मी त्याला सोडणार नाही. ती "बरं सर" एवढंच म्हणाली. अबोल आहे बिचारी. माझी प्रत तिला देता आली असती, हे घरी आल्यावर सुचलं. म्हणजे तिथेही सुचलं होतं. पण तीत माझी पेन्सिलची टिपणं आहेत.

११ मार्च, दुपारी १
ग्रंथालयाचं फाटक माझ्या कार्डाने उघडेना. काउंटरच्या बाई आल्या. कार्ड बंद केलंय म्हणाल्या. कुणी? "तुमच्याच पत्रावरून, सर. ते पुस्तक तुमच्या नावावर आहे."

शक्यच नाही म्हटलं. चार माणसं बघत होती, म्हणून जरा जोरातच म्हटलं. बाई म्हणाल्या, घरी बघून घ्या, घाई नाही. त्या एवढ्या सौम्य बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

११ मार्च, संध्याकाळी ५
खाकी कव्हर काढलं. पुस्तकाच्या पाठीवर ग्रंथालयाची चिठ्ठी. बायकोने बघितलं. सरळ चहा ठेवायला गेली. बोलली असती तर मला निदान वाद घालता आला असता.

१२ मार्च
उद्या परत करायचं म्हणजे करायचं. फक्त आधी टिपणं खोडली पाहिजेत. 'इथे विनोद.' 'इथे थांबून खिडकीबाहेर बघणे.' 'हे आत्ताच सुचल्यासारखं म्हणणे.' हे विद्यार्थ्यांच्या हाती पडलं तर मी वर्गात तोंड कसं दाखवू? दोन खोडरबर आणले. पानं सहाशे बारा.

२० मार्च, गुरुवार
अकरा ते एक नेमाने खोडत बसलो. ती तिकडे काउंटरवर रिकाम्या हाताने, मी इकडे खोडरबर घेऊन. कष्ट दोघांनाही. चौऱ्याण्णव पानं झाली. तोवर पुस्तक तासाला नेतोच. नाहीतर शिकवू काय?

७ एप्रिल
पान दोनशे ऐंशी. मनगट सुजलंय. बायको म्हणते, विनोद तसेच राहू द्या, कुणीतरी एकदा तरी हसेल. तिच्याशी बोलणं बंद केलंय. परीक्षा पाच मेला. आज वर्गात ड्रायव्हरबाईकडे बघायचं टाळलं. मागच्या भिंतीला शिकवलं.

२५ एप्रिल
दिलं! खोडून पूर्ण झालं नाही. शेवटची दोनशे पानं तशीच दिली. हे माझ्या मनाचा मोठेपणा म्हणून नोंदवून ठेवतो. बाईंनी 'राखीव, दोन तास' ही चिठ्ठी चिकटवली. दोन मिनिटं लागली. माझं कार्डही सुरू झालं. परीक्षेआधी एक गुरुवार आहे अजून. दोन तासांत माणूस पुष्कळ शिकतो.

२८ एप्रिल
शेवटचा तास. पहिला बाक रिकामा. गेल्या सोमवारीही होता. शिफ्ट बदलली असेल.

१ मे, गुरुवार
सुट्टी असूनही परीक्षेमुळे ग्रंथालय उघडं होतं. अकराला स्वतः काउंटरपाशी जाऊन बसलो. पुस्तक समोर मांडून. एक वाजेपर्यंत कुणी आलं नाही. बाईंनी पाणी आणून दिलं.

२ मे
तिच्या मार्गावरच्या तीन बस सोडल्या. चौथीवर ती होती. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरेपर्यंत बसून राहिलो. ती "सर, तुम्ही?" म्हणाली आणि डब्याची पिशवी उचलून मला जागा करून दिली.

तिने सतरा एप्रिललाच परीक्षेतून नाव काढून घेतलंय. ती शेवटची तारीख होती. नापासचा शेरा लागण्यापेक्षा हे बरं, म्हणाली. नकाशे एकदाही हाताखालून गेले नव्हते. वेधशाळेचं? ते राहिलं. बस आहेच. हे सगळं तिने रस्ता सांगावा तसं सांगितलं.

म्हटलं, पुस्तक आलंय. मग म्हटलं, तो सहकारी मीच होतो. पहिल्यांदाच खरं बोललो. ती चकित होईल, चिडेल, असं धरून चाललो होतो.

"माहीत होतं, सर. पहिल्या दिवशी तुम्ही पुस्तक वर धरलंत ना, तेव्हाच पानांच्या कडेवर ग्रंथालयाचा शिक्का दिसला. वाटलं, आज देतील, उद्या देतील. सरांना कसं म्हणायचं? लाज वाटायची."

तिची निघायची वेळ झाली होती. मी उतरलो.

लाज तिला वाटत होती. आणि मी तेरा सोमवार ते पुस्तक वर धरून तिच्यासमोर उभा होतो.