दुसरी जीभ

सोमवार, १० नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही तसंच असेल असं धरून चालते. भावोजींची पाठ कशी आहे? मोठीची परीक्षा झाली का?

तू सात महिने माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. माझं अक्षर पाहून पाकीट तसंच ठेवून देशील, या भीतीने पत्ता शेजारच्या शिलाईकाकूंकडून लिहून घेतला. त्यांना सांगितलं, बोट कापलंय. त्यांनी लगेच हळद आणून दिली. आता बोटाला उगीचच पट्टी बांधून फिरतेय.

माझं काम बरं चाललंय. तू मागे विचारलं होतंस की नक्की करतेस काय, तेव्हा मी तोडून बोलले होते. आता नीट सांगते. आंघोळीच्या टबात टाकायचे गोळे असतात, पाण्यात पडले की फसफसून विरघळतात आणि घरभर वास सुटतो. सगळे बाथ बॉम्ब म्हणतात. मी ते कपकेकसारखे करते. खाण्याचा सोडा दोन वाट्या, लिंबूसत्व एक वाटी, मक्याचं पीठ एक वाटी, थोडं खोबरेल, वास आणि रंग. मिश्रण ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. मुठीत दाबलं तर टिकलं पाहिजे आणि बोट लावलं तर फुटलं पाहिजे. पाणी थेंबभर जास्त झालं की साच्यातच फसफसायला लागतं. एकदा अख्खा ट्रे असा फुगला, तर आई शेजारून म्हणाली, "यीस्ट जिवंत आहे म्हणायचं."

वर फेटलेल्या साबणाची क्रीम, त्यावर साबणाचीच चेरी. क्रीमचा भाग आईचा. तिला कालचं आठवत नाही, माझं नावही कधी आठवतं कधी नाही, पण पायपिंगची पिशवी हातात दिली की मनगट आपोआप वळतं. तीस वर्षं बेकरीत काढलेलं मनगट आहे ते. चोवीस कपकेक आणि चोवीसही सारखे. मला अजून दोन सारखे जमत नाहीत.

ती समजते की ती बेकरीतच आहे, आणि मी नवी लागलेली पोरगी. त्यामुळे रोज बोलणी खाते. ट्रे भरला की तिचा नियम येतो. तुला आठवतोय ना? करणाऱ्याची जीभ आपल्याच मालाची बाजू घेते, म्हणून चाखायला दुसरी जीभ हवी. आपल्या लहानपणी ती जीभ तू होतीस. तू मान हलवल्याशिवाय एक केक बाहेर जात नव्हता, आणि मी दाराशी उभी राहून जळत होते. आता मी करणारी आणि आई दुसरी जीभ. ती चाखल्याशिवाय ट्रे हलू देत नाही.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. सगळे कपकेक पांढऱ्या कागदी वाट्यांत, आणि कोपऱ्यात निळ्या वाटीत एक खरा, खाण्याचा. आई निळ्या वाटीतलाच उचलायची. चाखून काहीतरी खोड काढायची. मीठ विसरलीस, अंडं जास्त फेटलंस, ओव्हन लवकर उघडलास. आणि मग ट्रे सोडायची.

आईला जरा खोकला झालाय. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलंय, नुसतं लक्ष ठेवायला. काळजीचं काही नाही. जमलं तर एक फोन कर.

तुझी,
छोटी


गुरुवार, १३ नोव्हेंबर

ताई,

पत्र तुला मंगळवारी मिळालं. कुरिअरवाल्याने सहीचा फोटो दाखवला, सही तुझीच आहे. शेवटच्या अक्षराला तू अजून तशीच शेपटी काढतेस.

मी खोटं लिहिलं. खोकला नाही. आईने शनिवारी साबणाचा कपकेक खाल्ला.

एका मुलीच्या बारशाची ऑर्डर होती. त्यांना सगळ्या वाट्या निळ्या हव्या होत्या. चोवीसच्या चोवीस निळ्या. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. आईने कोपऱ्यातला उचलला, नेहमीसारखा. सोडा आणि लिंबूसत्व तोंडात ओलं झालं की काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको. त्यात साबण. तो फेस तिच्या श्वासातून छातीत गेला. शिलाईकाकूंनी रिक्षा थांबवली, मी तिला उचलून नेलं. तिचं वजन किती कमी झालंय हे मला त्या दिवशी कळलं. मी धावत जिने उतरले, ताई, तिला घेऊन.

छाती आता सुधारतेय, डॉक्टरीणबाई म्हणतात. तरुण आहेत पण सरळ बोलतात. तोंडातली भाजलेली जागाही भरत आलीय. पण आई तोंड उघडत नाही. पाणी नाही, पेज नाही, औषध नाही, नुसती सलाईनवर आहे. चमचा दिसला की ओठ मिटते आणि भिंतीकडे वळते. मी बसते, सिस्टर बसतात, शेजारच्या खाटेवरच्या आजी सुद्धा येऊन गोडीगुलाबीने सांगून गेल्या. कुणाचंच चालत नाही. नाकातून नळी घातली तर ती दोनदा उपसून काढली. आता तिचे दोन्ही हात खाटेच्या दांडीला पट्ट्यांनी बांधलेत. मऊ पट्ट्या आहेत, सिस्टर म्हणाल्या.

बांधलेल्या हाताचं मनगट ती मधूनच वळवते. क्रीम काढताना वळवायची तसं.

वाट्यांचा रंग बदलला, एवढीच चूक झाली. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. मी आईचा व्हिडिओ लोकांसाठी टाकला, त्यावरून तू म्हणाली होतीस, आईचा तमाशा मांडू नकोस. मी म्हणाले होते, एवढं वाटतं तर ये आणि सांभाळ. दोन्ही वाक्यं मला पाठ आहेत.

तिसरा मजला, वॉर्ड ब, खिडकीकडून दुसरी खाट. भेटायची वेळ चार ते सहा. ये ना.

छोटी


रविवार, १६ नोव्हेंबर

ताई,

या पत्रात मी तुझी, भावोजींची, कुणाचीच विचारपूस करणार नाही. रागावू नकोस. हात थांबला तर मी हे लिहिणार नाही.

मंगळवारी सकाळी आईच्या पोटातून नळी घालणार आहेत. लहान ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. नळीतून पातळ अन्न थेट आत जाईल. मी विचारलं, मग तोंडाने कधी द्यायचं? त्या म्हणाल्या, "या वयात, अशा आजारात, एकदा तोंडाचं बंद झालं की बहुतेक बंदच होतं." सोमवारी संध्याकाळपर्यंत तिने आपणहून चार घास नीट गिळले, तर त्या थांबायला तयार आहेत. नाही तर नाही. तिला अजून गिळता येतं, ती गिळत नाही, एवढाच फरक आहे असंही म्हणाल्या.

आता वाट्यांबद्दल.

वाट्यांचा रंग बदलला म्हणून काही झालं नाही. सगळ्या वाट्या निळ्या आहेत हे मला सकाळपासून माहीत होतं. मीच भरल्या होत्या. खरा केक पांढऱ्या वाटीत ठेवून आईच्या हाताशी सरकवला असता तर भागलं असतं. पण खरा केक नव्हताच. त्या दिवशी मी तो केला नाही. चोवीस साबणाचे केक दुपारपर्यंत द्यायचे होते, एका खऱ्यासाठी ओव्हन तापवायचा मला कंटाळा आला. शनिवार होता, आणि शनिवारी मी आईचा व्हिडिओ टाकते. "दुसरी जीभ काय म्हणते", असं त्याचं नाव. लोकांना आवडतं. आई तोंड वाकडं करून मला झापते, लोक हसतात, ऑर्डरी येतात. तू पाहिलास तो पहिला होता. त्यानंतर मी आणखी अठ्ठावीस टाकले.

मी ठरवलं होतं, आई केक ओठांपर्यंत नेईल, तेवढं टिपायचं आणि हातातून काढून घ्यायचा. त्यापुढचं कोण बघतंय.

मी समोर उभी होते, फोन धरून. तिने उचलला. मी म्हणाले, "बघा बाई, कसा झालाय." बेकरीतली पोरगी बोलेल तसं. तिने मोठा घास घेतला. मी काढून घेणार होते, पण तिचा चेहरा बदलला, आणि तो इतका छान बदलला की मी थांबले. मला वाटलं हा आजवरचा सगळ्यात भारी व्हिडिओ होणार. तिच्या ओठांच्या कडेला फेस आला. मला हसू आलं. तेही त्यात ऐकू येतं.

मी तो व्हिडिओ कुणाला पाठवलेला नाही आणि पुसलेलाही नाही. खाली सेकंद दिसतात. तिने घास घेतल्यापासून मी फोन खाली टाकेपर्यंत अकरा सेकंद आहेत.

त्या अकरा सेकंदांत ती माझ्याकडे बघते, ताई. थुंकत नाही. चावते. डोळ्यांत पाणी आलंय, आणि ती चावतेय. मग गिळते आणि म्हणते, "छान झालाय गं, छोटी."

छोटी म्हणाली. बेकरीतली पोरगी नाही. मला ओळखून म्हणाली. आयुष्यात माझ्या हातच्या एकाही गोष्टीला तिने छान म्हटलं नव्हतं. सगळं छान तुझ्या वाट्याला. खोड काढायची म्हणून तिने काढलीच, नेहमी. आणि त्या दिवशी, जे थुंकून माझ्या तोंडावर मारायला हवं होतं, ते तिने मला वाईट वाटू नये म्हणून गिळलं.

पुढचा आवाज मी पुन्हा ऐकू शकत नाही.

काल त्या ऑर्डरीतला उरलेला एक मी तोंडात घातला. म्हटलं अकरा सेकंद धरून बघू. आधी जीभ आंबते, मग चटका बसतो, मग तोंडात काहीतरी जिवंत असल्यासारखं फुगत जातं. मी चौथ्या सेकंदाला तो बेसिनमध्ये थुंकून टाकला. मग बाकीचे सगळे टबात टाकले आणि नळ सोडला. बावीस कपकेक एकदम. फेस काठावरून फरशीवर आला. घर अजून व्हॅनिलाच्या वासाने भरलंय, खिडक्या उघड्या ठेवूनही जात नाही. शिलाईकाकू दारातून म्हणाल्या, काहीतरी गोड केलंस वाटतं. मी हो म्हणाले.

आज सकाळी मी खरा केक केला. साधा, तिच्या पद्धतीचा, वर क्रीम नाही, रंग नाही. मीठ विसरले नाही. चारला घेऊन गेले. सिस्टरनी एक हात सोडून दिला. मी तुकडा आधी स्वतः खाल्ला, तिला दिसेल असा, चावून, गिळून, तोंड उघडून दाखवलं. मग तिच्यापुढे धरला. तिने वास घेतला. ताई, तिने वास घेतला, नाकपुड्या हलल्या, आठ दिवसांत पहिल्यांदा ती भिंतीकडे वळली नाही. सोडलेला हात उचलून तिने माझ्या हातातला तुकडा बाजूला सारला, हळूच, आणि घशातून जेमतेम आवाज काढत विचारलं,

"दुसऱ्या कुणी चाखलाय?"

मी सिस्टरना बोलावलं. त्यांनी चाखला, छान म्हणाल्या. आईने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. नाही. शेजारच्या आजींनी चाखला. नाही. मग ती दाराकडे बघत राहिली, सहा वाजेपर्यंत. कोण येणार आहे तिला माहीत असल्यासारखी.

मी माझ्यासाठी बोलवत नाही. माझ्याशी बोलू नकोस. मला बघायचं नसेल तर मी खाली जिन्यात थांबेन, केक सिस्टरकडे देऊन ठेवेन. शिव्या घालायच्या असतील तर नंतर घाल, मी कुठेही जात नाही. व्हिडिओ हवा असेल तर फोन तुझ्या हातात देईन, तू पुसायचा की जगाला दाखवायचा ते तू ठरव. फक्त आधी खाटेशी बस आणि तिच्यासमोर एक तुकडा खा. मग मान हलव. लहानपणी हलवायचीस तशी, डोळे मिटून, एकदाच.

आणि केक बिघडला असेल तर तसं सांग. तुझ्याकडून तिला खोटं चालणार नाही. माझ्याकडून चाललं, त्याचं काय झालं ते बघतेच आहे.

हे पत्र काकूंचा भाऊ घेऊन येतोय, उद्या पहाटेच्या गाडीने. तुझ्या दाराशी दहाच्या सुमाराला पोहोचेल. परतीची गाडी अकराला आहे, ती साडेतीनला इथे पोहोचते. त्याला मी तुझंही तिकीट काढायला सांगितलंय. तू आली नाहीस तर रिकाम्या सीटवर त्याने आपली पिशवी ठेवावी, मी कुणाला काही म्हणणार नाही.

उद्या सकाळी पुन्हा ओव्हन लावते. चार वाजेपर्यंत केक तिच्या टेबलावर असेल, झाकून ठेवलेला. मी चाखलेला, पण माझी जीभ धरू नकोस.

करणारी,
छोटी