सारवलेला खड्डा

पुणे, ४ जानेवारी २०२५

ती. दैवशाला आत्यास, आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडं फोन लागत नाही, म्हणून पत्र. तुमच्या शेतातलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड खोदायची परवानगी एकदाची आली. आधी दोऱ्या बांधून चौकोन आखायचे, मग खुरप्यानं एकेक थर काढायचा. वरचा थर नवा, खालचा जुना. एका थरातलं खापर दुसऱ्यात मिसळलं की सगळं मुसळ केरात. मामांना सांग, सोन्याचा हंडा निघणार नाही. पण तिथं घरं होती हे फेब्रुवारीअखेर दाखवता आलं नाही, तर माझे मार्गदर्शक सर काम बंद करतील आणि माझी संशोधनाची तीन वर्षं फुकट जातील.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी भाची, आकांक्षा


तीर्थपुरी, ११ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर खोदून तू चार दिवस पुण्याला गेलीस, आणि इकडं तुझे सर पाहणीला येणार असं कळलं. पाहुणे येणार आणि खड्डा असा उघडाबोडका, मला कसंतरीच वाटलं. मी आणि शेजारच्या पायलनं शेणकाला करून तळ बराबर सारवला, भिंतींनाही मातीचा हात दिला, वर रांगोळी काढली. काल सर आले, पाहतच राहिले. न जेवता गेले. काय चुकलं ते जल्दी कळव.

जेवत जा, हाडं दिसायला लागलीत.
तुझी आत्या


पुणे, १५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. भिंतीवरचे थर वाचायचे असतात, तळातून नमुने घ्यायचे असतात. आता त्या मातीचं वय काढायला गेलं तर गेल्या आठवड्याचं निघेल. तळाला पातळ पातळ पट्टे होते, आम्ही ते पुराचा गाळ म्हणून नोंदवले होते. ते बाटले, खड्डा बुजवा, असं सर म्हणाले. तुझा राग आला, पण माझा जास्त. एवढं सगळं समजावलं आणि हात लावू नको हेच सांगायला विसरले.

आकांक्षा


तीर्थपुरी, १९ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास आशीर्वाद.

चूक माझी, कबूल. पण तो पुराचा गाळ बिलकुल नाही. सारवताना पूर्वेच्या कोपऱ्यातली एक ढलपी सुटली होती. तिच्यात एक पापुद्रा मातीचा, एक शेणाचा, अशा तेवीस जोड्या मोजल्या. पूर काही सणावाराला येत नसतो. मग आपल्या माजघरातली जमीन उकरून पाहिली, हुबेहूब तशीच. आता घरबी खोदून राह्यलीस का, म्हणून तुझ्या मामांनी विचारलंच. दोन्ही ढलप्या वेगळ्या डब्यांत, चिठ्ठ्या लावून पाठवते आहे. सरांना दाखव.

तुझी चुकार आत्या


पुणे, ५ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सरांनी भिंगाखाली पाहिलं. शेणच आहे. ती घराची जमीन आहे, आत्या, सारवून सारवून चढलेली. तुझ्या सारवणाखाली ती शाबूत आहे, म्हणून काम एप्रिलअखेरपर्यंत वाढलं. फक्त आणखी खाली जायचं तर ती कापावी लागेल, आणि एकदा कापली की गेली. शेत तुमचं, म्हणून तुझ्या होकाराशिवाय खुरपं लावणार नाही.

उत्तराची वाट पाहते.
आकांक्षा


तीर्थपुरी, १० मार्च २०२५

चि. आकांक्षास आशीर्वाद.

कुण्या बाईनं गुडघ्यावर बसून तेवीस वेळा सारवलेली जमीन तू एका दिवसात कापणार, म्हणून आधी नाहीच म्हणणार होते. पण खाली काय आहे ते मलाही पाहायचंच आहे. काप, पण अर्धीच. उरलेली अर्धी तुझ्याहून हुशार पोरगी पुढं कधी येईल, तिच्यासाठी राहू दे. तुझ्या मामांना यंदा टेकाड सपाट करून मोसंबी लावायची होती. आता ते व्हायचं नाही, असं मी सांगितलं. आधी ते चिडले. काल सकाळी न सांगता गेले आणि टेकाडाभोवती काट्यांचं कुंपण घालून आले.

तुझी आत्या, दैवशाला