गादीवरची इस्त्री

वन्सं,

निघताना तुम्ही म्हणालात, "वहिनी, या घरात मांजरसुद्धा माझं नाही." ते मला झोंबलं, कारण तसं भासवलं मीच होतं.

पिल्लू आणलं तुम्ही, बोटाने दूध चाटवलं तुम्ही, पण झोपायला ते माझ्याकडे यायचं. वर मी तोऱ्यात सांगायचे, "मुक्या जिवाला माणसं बरोबर कळतात हो!" आता खरं सांगते. गिऱ्हाइकांचे कपडे संपले, की तीच गरम इस्त्री मी गुपचूप माझ्या गादीवर फिरवायचे. ऊब असेल तिथे मांजर जाणारच, त्यात माझं कसलं कौतुक?

तुम्ही गेलात आणि मी ते सोडून दिलं. आता हरवायचं कुणाला? तर मांजर तुमच्या गारढोण खाटेवर झोपतं, तुमच्या जुन्या स्वेटरात तोंड खुपसून. तिथे कुणी इस्त्री फिरवलेली नाही.

परत या. त्या दिवशी तुमची गादी मी गरम करून ठेवीन.

तुमची,
लबाड वहिनी

ता. क. मांजर या कागदावरच येऊन झोपलं, म्हणून पत्र टाकायचं राहिलं. खरं सांगते, ते कागदावरून उठल्यालाही आज चार दिवस झाले.