उजव्या कानातील तीर्थ

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुर्गाष्टमी.

कानांत बोळे घालून गाणे ऐकायचे! यशश्रीने आज नारिंगी स्पंजाचे दोन इवले बोळे माझ्या हातावर ठेवले. उद्या कॉलेजच्या मैदानावर तिच्या बँडचा रॉक संगीताचा कार्यक्रम आहे. ड्रम ती वाजविणार. नातीने प्रथमच एवढ्या लोकांपुढे बसायचे आणि आजोबांनी चेरीतालच्या घरात जप करीत राहायचे, हे होणे नाही. लहानपणी तिच्या तळहातावर वृत्तांचे लघु-गुरू मीच बोटाने ठोकले होते.

“दोन्ही कानांत, आजोबा. पिळून आत घालायचे. आम्ही स्टेजवर पण घालतो. प्रॉमिस?”

“अगं, मग ऐकू काय येणार?”

“सब आएगा. जेवढं पाहिजे तेवढं. और स्पीकर के पास बिलकुल नहीं बसायचं!”

सौ. कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यांचा एक कान आधीच सुट्टीवर आहे. दुसराही बंद केला तर या घरात माझं कोण ऐकणार? तसे आत्ताही कुठे ऐकून राहिले म्हणा!”

डावा कान बालपणीच फुटला. तेव्हापासून त्या बाजूने जग भिंतीपलीकडून बोलते. माझे सारे ऐकणे उजव्याचे.

३० नोव्हेंबर, रविवार.

काल रात्री लिहवले नाही.

पहिला बोळा डाव्या कानात घातला. दुसरा उजव्याशी नेला आणि थांबलो. मुंजीत वडिलांनी शिकविले होते— पाणी हाताशी नसेल तर उजव्या कानाला स्पर्श करावा, आचमन घडते. तेथे सर्व तीर्थांचा वास आहे. ते गंगा म्हणत, मी मनात नर्मदा म्हणत आलो. तिच्या तिलवाऱ्याच्या घाटावरही मी आधी कानाला हात लावतो, मगच पाण्यात उतरतो. त्या तीर्थाच्या मुखात स्पंज कोंबावा? बोळा सदऱ्याच्या खिशात टाकला. पोरीचा शब्द निम्मा तरी पाळला!

मागे कोठे तरी बसणार होतो. पण मुलांनी ओळखले. “यशश्री दीदी के दादाजी हैं! कुर्सी लाओ भाई, सबसे आगे!” अगदी पुढे बसविले, शाल पांघरली. माझ्या उजव्या हाताशी माणसाहून उंच काळी पेटी उभी होती. तो स्पीकर, हे कळले. तरी त्या आदरातून उठून जाणे जमले नाही.

पहिला ठोका छातीत पडला. अंगावरचे जानवे थरथरत होते— कल्पना नव्हे, बोटाने चाचपून पाहिले. आणि यशश्री! एवढ्या कल्लोळात तिचा चेहरा स्नानानंतरच्यासारखा शांत. चरण संपताना ती हलकेच मान खाली घालते, श्लोक म्हणताना घालीत असे तशीच. डोळे भरून आले. कानात सुई फिरावी तशी कळ येत होती, तरी पेटीकडे पाठ केली नाही.

शेवटी सारे मैदान टाळ्या वाजवीत होते. हात दिसत होते. आवाज पाण्याखालून यावा तसा.

घरी येताच उजव्या कानात किडा बोलू लागला. अजून बोलत आहे.

१ डिसेंबर, सोमवार. मोक्षदा एकादशी.

थांबलेला नाही!

आज जपाला बसलो आणि एकाएकी उमगले. योगशास्त्रात सांगितले आहे की साधकाने उजव्या कानात आतला नाद ऐकावा. प्रथम तो किड्यासारखा असतो, पुढे घंटेसारखा, पुढे शंखासारखा. नाद चढत जातो तसतसे बाहेरचे जग गळून पडते. तारुण्यापासून कान मिटून बसत आलो; कधी काहीही आले नाही. आणि आता, एकादशीला, त्याच कानात! जो मी झाकला नाही, त्याच!

कोणाला सांगणार नाही. अशी गोष्ट सांगितली की उडून जाते.

२ डिसेंबर, मंगळवार.

पूजेत घंटा ऐकली. अगदी स्पष्ट.

“कुंदा, इतक्यात आरती?”

ती ओसरीवर मेथी निवडत होती. “कोण वाजवून राहिलं घंटी? ती तर तुमच्याच पुढ्यात आहे.”

खरेच. घंटा माझ्या गुडघ्याशी आडवी पडली होती. अंगावर काटा आला. त्याला रोमांच म्हणावे.

दुपारी सदरा धुताना कुंदाला खिशात बोळा सापडला. तिने फोन केला तशी यशश्री धावत आली.

“हा तर नवाच आहे! आजोबा, एकच घातला? कोणत्या कानात?”

सांगितले. पोरीचा चेहरा उतरला.

“म्हणजे जो खराब आहे त्याला वाचवलं? आणि चांगला...? सच बोलो, शिटी वाजते का कानात?”

“शिटी नव्हे.”

“मग काय?”

मी हसलो. तिला ते सहन झाले नाही. “डॉक्टरकडे चला. आत्ता! आमच्या बँडमधल्या अनिमेषला असंच झालं होतं. लगेच औषध घेतलं म्हणून कान राहिला. एक-एक दिवस वाया जातो, आजोबा.”

“दत्तजयंतीनंतर पाहू. तोवर मी मौन धरले आहे.”

“अन् मौनात एवढं बोलून राहिले!” कुंदा म्हणाली. पण ती हसली नाही.

३ डिसेंबर, बुधवार.

शंख. अखंड.

यशश्री पुन्हा आली होती. माझ्या उजव्या बाजूला बसून बोलत राहिली. शब्द तळाशी जात होते. “माझ्यामुळे” एवढेच ओठांवरून वाचता आले. मला म्हणायचे होते— तुझ्यामुळेच, बाळ, तुझ्यामुळेच तर कृपा झाली! मौन मोडले नाही. तिने कागदावर लिहून माझ्यापुढे धरले: उद्या देवाचा जन्म झाला की लगेच निघायचं, गाडी आणते. होकाराची मान हलविली.

दिवेलागणीला देवघरात एकटा होतो. शंखाच्या मागे कोणीतरी श्वास घेत आहे असे वाटले. मी आपला श्वास रोखला.

तो थांबला नाही.

दोन्ही कानांवर घट्ट हात ठेवले. तसूभरही फरक पडला नाही. नामस्मरण मोठ्याने करू लागलो, तर माझाच आवाज मला सापडेना. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली त्याला प्रथमच म्हणालो— जरा थांब.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती.

सायंकाळी जन्म झाला. पाळणा हलला, फुले पडली. कुंदाच्या हातात घंटा होती, यशश्रीच्या हातात टाळ. मी हात जोडून उभा राहिलो, आरती केव्हा सुरू होते याची वाट पाहत.

मग कुंदाने निरांजन माझ्यापुढे धरले. आरती संपली होती.