हा वाटा कोणाचा

१२ जाने., सोम.
क्लारा आली. नागपूरहून बस, भंडाऱ्यात बदलली, अड्याळला मी घ्यायला. वय तेवीस, जर्मन. पाठीवर स्वतःएवढी बॅग. जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीजवळून येताना मोबाईल खिशात ठेवायचा, खिडकीतून फोटो नाही, हे मी आधीच कळवलं होतं. विचारलं. "ठेवला जी," म्हणाली. हे 'जी' बसमधल्या बायकांकडून शिकली म्हणे. हिंदी मोडकी पण चालणारी.
दारात सौ.ने तिच्या पायांवर पाणी टाकलं. मागे वळून मला हळूच, "हे एवढी गोरी पोरगी गारा-चिखलात उतरंल जी?"
महिनाभर राहणार. आमच्या मच्छीमार समितीच्या तळ्यात माजलेलं बेशरमाचं तण उपटायचं, जुन्या पाणवनस्पती लावायच्या. पुनर्वसन झाल्यापासून या गावठाणात बाहेरदेशीचा माणूस राहायला आला नव्हता. आणला मी. सचिव म्हणून.

१३ जाने., मंगळ.
सी फॉर्म भरला. विदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं, जबाबदारी यजमानाची. घरात रेंज नाही, तळ्याच्या पाळीवर, उंच बांधावर, बसून भरला. प्रिंट, पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स ठाण्यात नेऊन दिली. पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी उठत नाही, हे ठाण्यालाही माहीत आहे.
नियम मुळातून वाचले, शब्दकोश मांडीवर घेऊन. शाळा दहावीत सुटली, वाचणं सुटलं नाही. व्हिसा पर्यटकाचा. त्यावर स्वयंसेवी काम करता येतं, जास्तीत जास्त एक महिना, आणि त्याबद्दल कोणत्याही स्वरूपाचा मोबदला नाही. 'कोणत्याही स्वरूपाचा' याखाली पेन्सिलीने रेघ मारली.
संध्याकाळी सभेत सांगितलं: रोख नाही, कपडा नाही, भेटवस्तू नाही. घरी येतो तर सौ. पेटीतली मोरपंखी साडी काढून बसलेली. ओटी भरून देणार म्हणे. परत ठेवायला लावली.
"पोरीले साडी देनं बी गुन्हा?"
साडी ही वस्तू आहे, म्हटलं.
"तुमी बी एक वस्तूच हा," म्हणून पेटी आपटली.

१८ जाने., रवि.
तळ्यात मोठं जाळं टाकलं. क्लारा आठवडाभर कमरेइतक्या पाण्यात बेशरम उपटते आहे, आता कोणी हसत नाही. आज विचारलं, दोर धरू का? अध्यक्ष तुकारामभाऊ म्हणाले, "धर न माय, तळं का कोनाच्या बापाचं हाय?" धरला. तळहात सोलून निघाले, सोडला नाही.
मग वाटे. मी नेहमीसारखा ढिगांकडे पाठ करून, तोंड पाळीकडे. समितीतली तानाबाई एकेका ढिगाला बोट लावून विचारते, हा कोनाचा? मी नाव घेतो. मला ढीग दिसत नाही, कोणतं नाव येईल ते तिला माहीत नाही, म्हणून लहानमोठ्यावरून तक्रार नाही. जुन्या गावी नदीवर वडील असेच पाठ करून उभे राहत. गाव धरणात गेलं, ही रीत सोबत आली. दोराला ज्याचा हात लागला त्याचा ढीग. रस्त्याने जाणाऱ्याने लावला तरी.
"हा कोनाचा?" "तुकारामचा."
"हा कोनाचा?" "रेवनाथचा."
"हा कोनाचा?" "क्लाराचा."
तिला बायकांनी पुढे ढकललं. दोन रोहू, ओंजळभर झिंगे. सौ.ने रस्सा केला. क्लाराच्या नाकाडोळ्यांतून पाणी, तरी ताट पुसून खाल्लं.
दिवस चांगला गेला.

२२ जाने., गुरु.
पवनीहून एक पत्रकार आला. कोणीतरी स्टेटसला फोटो ठेवला होता, तो पाहून. क्लाराला दोर धरून उभं केलं, मग मासे हातात देऊन. मी समितीची सगळी माहिती सनावारी दिली. त्याने अर्धीही लिहून घेतली नाही.

२४ जाने., शनि.
बातमी आली. 'जर्मन कन्या ओढते जाळे, मिळतो समान वाटा'. मला 'अध्यक्ष' लिहिलं. ताबडतोब फोन केला: सचिव, अध्यक्ष नव्हे. दुरुस्ती छापतो म्हणाला, छापणार नाही.
तुकारामभाऊ दारावरून जाताना, "अध्यक्षसाहेब, नमस्कार जी! मंग आमाले का तळ्याच्या राखनीले ठेवता?"
चूक सोडली तर बातमी चांगली. कात्रण काढून ठेवलं.

२७ जाने., मंगळ.
भंडारा. क्लाराचं काम महिन्यात होत नाही, लावलेल्या कंदांना अजून कोंब नाहीत. तिलाही राहायचं आहे. नियमात काही वाट असेल तर मार्गदर्शन व्हावे, असा अर्ज विदेशी नागरिकांचं काम पाहतात त्या टेबलावर दिला. जोडपत्रं क्रमाने, शेवटी बातमीचं कात्रण. कामाचा पुरावा म्हणून. स्वच्छ चिकटवून.
कारकुनाने पानं भराभर उलटली. कात्रणावर थांबला. वाचलं. परत वाचलं. उठून आतल्या खोलीत गेला, दार लोटलं.
बाहेर आल्यावर म्हणाला, "हे राहू द्या इथंच."
पोच?
"मिळंल न."
मिळाली नाही. पोच न घेता परत आलो. बसमध्ये सारखं वाटत होतं, काहीतरी विसरलो. पिशवी दोनदा तपासली.

३० जाने., शुक्र.
भंडाऱ्याहून एक पोलीस जमादार आले. साध्या कपड्यांत, मोटारसायकलवर. "सहज आलो." चहा घेतला. क्लारा कुठे झोपते, स्वयंपाक कोण करतं, जेवणाचे पैसे देते का. सगळी उत्तरं तोंडपाठ. नियमाचा कागद दाराच्या मागे चिकटवलेला दाखवला. वाचून म्हणाले, "तुम्ही तर बडे पक्के निघाले." बरं वाटलं.
मग उठता उठता, "मासे खाते का पोरगी?"
आवडीने, म्हटलं.
"विकत घेता?"
विकत कशाला, तिच्या वाट्याचे असतात.
कप खाली ठेवला. "वाट्याचे," म्हणाले. विचारलं नाही, फक्त म्हणाले. मोटारसायकल पाळीवरून गेली, दूरच्या टोकाला थांबली, बराच वेळ.
ते गेल्यावर दारामागचा कागद वाचला. पेन्सिलीची रेघ माझीच. साडी पेटीत ठेवायला लावणारा मी, आणि पुढच्याच रविवारी तिच्या नावाने ढीग... हे माझ्या लक्षात आलं नाही? खरंच आलं नाही. वाटा कोणी देत नाही, तो दोर धरणाऱ्याचा असतोच. मोबदला म्हणजे मजुरी, हजेरी. वाटा म्हणजे ते नव्हे.
हे भंडाऱ्यात कोणाला सांगू?

१ फेब्रु., रवि.
क्लाराला सांगितलं, आज दोर धरू नको. का, ते सांगितलं नाही. ऐकलं तिने, काठावर बसली. जाळं मध्यावर अडकलं, उजवीकडचा दोर सुटायला लागला, तानाबाई ओरडली, "कला, धर व माय!" कला म्हणजे क्लाराच. धावली. धरला.
पाठ करून उभा होतो. पाळीवर तीच मोटारसायकल. माणूस नव्हता, नुसती गाडी.
"हा कोनाचा?"
क्लाराचा, म्हटलं.
"सचिव, मोठ्यानं बोल न बापू. थंडी भरली का?"
लोक हसले. माणूस कुठे होता, दिसला नाही.

३ फेब्रु., मंगळ.
क्लाराला घेऊन भंडाऱ्याला बोलावलं. आतली खोली. साहेब शांत, दोघांना पाणी दिलं. समोर कात्रण, 'वाटा' या शब्दाखाली लाल रेघ. माझ्या चिकटवलेल्या कागदावर.
साहेब, हा मोबदला नाही, रीत आहे आमची.
"असेल. मला एवढंच सांगा, तिनं दोर ओढला नसता तर मासे दिले असते?"
नाही.
"म्हणजे कामाबद्दलच मिळाले."
त्यांच्या वाक्यात एकही शब्द चूक नव्हता.
पासपोर्ट 'तपासणीसाठी' ठेवून घेतला. पुढचं दारात येऊन सांगितलं, हळू आवाजात, माझ्या भल्यासाठी सांगावं तसं. सोमवारपर्यंत समितीचं निवेदन आणा: पाहुणीने जाळं ओढलं नाही, वाटा दिलेला नाही, बातमी पत्रकाराने रंगवली. सगळ्यांच्या सह्या. मग पासपोर्ट परत, महिना भरला की पोरगी सुखाने घरी. नाही तर व्हिसाचा भंग म्हणून तिची रवानगी, वर शेरा, पुन्हा या देशात पाय नाही. आणि यजमानावर गुन्हा.
बसमध्ये क्लारा खिडकीकडे तोंड करून. फॅक्टरीची बस शेजारून गेली, माणसं डुलक्या घेत होती. भंडारा सुटल्यावर म्हणाली, "मी दोर ओढला जी. मासे खाल्ले. मी नाही म्हणणार नाही."
तुला परत येता येणार नाही, म्हटलं.
"मले समजलं." रडत होती.

५ फेब्रु., गुरु.
सभा. निवेदन वाचून दाखवलं. तुकारामभाऊंनी वहाणेवरची माती झटकली, पेन मागितलं. "कागदच त हाय. धरनात किती कागद केले आपन." सही केली. रेवनाथने केली. बाकीच्यांनी केल्या, मान वर न करता.
तानाबाईसमोर शाईचा डबा धरला. अंगठा पदरात घेऊन बसली.
"धरनाच्या यादीत माया घर रिकामं लिवलं होतं. मी चुलीपाशी बसली होती, अन् कागदावर घरात कोनी नाई. मले गावठानात पलाट भेटाले किती वर्सं गेले, तुले मालूम हाय. तूच अर्ज लिवले."
मालूम आहे, म्हटलं.
"मंग आता तू या पोरीले तसाच करून रायला? ते उभी हाय न तठी. हात पाय तिचे."
तुकारामभाऊ: "अव बाई, सचिवाले जेलात धाडतं का?"
"त्याले जिथं जायचं थे त्यानं पायावं. मी त त्याच्याच तोंडातून नाव आयकलं."
उठून गेली. तिचा अंगठा आणि माझी सही, दोन जागा कोऱ्या.

७ फेब्रु., शनि.
सह्यांचं पान तेच ठेवून निवेदन पुन्हा नीट लिहिलं. एकही खाडाखोड नाही. माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवलं नाही आजवर. खाली 'सचिव' लिहिलं, वर सही नाही.
सौ. वाढताना एवढंच, "बाहेरच्या देशात तिची माय असंल न वाट पायत." कोणत्या बाजूने म्हणाली, कळलं नाही. तिलाही नसेल.
संध्याकाळी जमादारांचा फोन. "उद्या जाळं आहे ना? सहज येतो पाहायला."
दारामागचा कागद कोणी काढला? मी नाही.

८ फेब्रु., रवि.
क्लाराला घरी राहायला सांगितलं होतं. आली. सगळ्यांच्या आधी येऊन तानाबाईच्या शेजारी उभी. जमादार पाळीवर, मोबाईल हातात, समोर धरलेला. दोर उचलताना क्लाराने एकदा वर पाहिलं आणि धरला.
कोणी गाणं म्हटलं नाही. जाळं गुपचूप आलं. मासा कमी.
ढीग लागले. किती, ते मी पाहत नाही, पाहायचं नसतं. पाठ केली. समोर पाळ, पाळीवर जमादार. मध्ये काही नाही. निवेदन शर्टाच्या खिशात.
"हा कोनाचा?" तुकारामचा. "हा कोनाचा?" रेवनाथचा. तानाबाई घाई करत नव्हती. नावं येत गेली, संपत गेली. सगळी घेऊन झाली. मागे कोणी हललं नाही.
"हा कोनाचा?"
जमादारांनी मोबाईल थोडा वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नाव नको घेऊ, असंच काहीतरी होतं.
"सचिव. हा कोनाचा?"
क्लाराचा.
मोठ्याने. पाळीवर ऐकू जाईल एवढं.
तुकारामभाऊ मागे पुटपुटले, "मेला." टोपल्या उचलल्याचे आवाज. मी वळलो तेव्हा तिचा ढीग तसाच होता, ती त्याच्याजवळ उकिडवी. उचलू का, असं माझ्याकडे पाहत होती. उचल, म्हटलं.
जमादार गाडीला किक मारताना म्हणाले, "येतो मी." आज 'सहज' म्हणाले नाहीत.
निवेदन खिशात भिजून चिकटलं आहे. सुकवलं नाही, फाडलंही नाही. उद्या सकाळच्या बसने भंडारा, दोघांना. सोबत न्यायचे कागद क्रमाने लावून ठेवले: सी फॉर्म, ठाण्याची पोच, व्हिसाची झेरॉक्स. पासपोर्टची जागा मोकळी.
आत पेटीचं झाकण वाजलं. सौ.ने मोरपंखी साडी काढली, क्लाराला समोर उभं करून खांद्यावर लावून पाहते आहे. दार उघडं ठेवून, मला दिसेल असं.
या वेळी परत ठेवायला लावली नाही.