साठ बश्या मुरांबा

अथेन्स, १९ जानेवारी

लाडक्या आई, तुझ्या दोन्ही हातांचे मुके.

आम्ही ठीक आहोत. पेपरातलं काही मनावर घेऊ नकोस.

काल संत थानासिसचा दिवस, म्हणजे त्याच संताचं नाव लावणाऱ्या आमच्या जनरलसाहेबांचा नामदिन. नामदिनाला आमंत्रण कुणालाच द्यायचं नसतं, लोक आपणहून येतात, म्हणून सकाळपासून दार उघडं ठेवलं. तू पाठवलेला चेरीचा मुरांबा साठ बश्यांत काढून बसले. गेल्या वर्षी ह्यांनी सत्ता घेतली, तेव्हा सगळे मेले फाटकाबाहेर रांग लावून उभे होते! काल एक मंत्री फिरकला नाही, एक कर्नल नाही.

"पाऊस आहे ना," हे म्हणाले.

आई, बाहेर लख्ख ऊन होतं.

तुझे गुडघे कसे आहेत? गावात आमच्या नावानं बोटं मोडतात का? दाराला आतून कडी घालू नकोस. मीही अशीच, न बोलावता येईन.

तुझीच,
वासिलिकी